दर किलोमीटरी एकेचाळीस

महिनाअखेर. अंबडच्या कारखान्यात
लेथ थांबल्यावर जी शांतता येते
तिच्यात मी साहेबांच्या गाडीची फाइल उघडते.
पेट्रोलच्या पावत्या, शाई उडत चाललेल्या,
टेबलावर ऊन आलं तरी कोऱ्या होणाऱ्या.
म्हणून आधी आकडा वहीत, मग टाचणी.

गावात पाच पूर्णांक दोन.
घोटीच्या पुढे, रस्ता मोकळा असला तर, नऊ.
कंपनीच्या पुस्तिकेत बारा छापलंय;
ते बहुधा चालक एकटा, उपाशी,
आणि वारा पाठीमागून असताना.

चार टायर. विम्याचा हप्ता.
शालिमारला रिक्षाने ओढलेली एक रेघ,
रंगासकट अठरा हजार.
आणि ती पौषातली सकाळ:
हवेवर तरंगणारे तिचे पाय रात्रीत गळाले
आणि ती फाटकाशी बसून राहिली उंटासारखी,
एवढी मोठी, काळी, ओशाळलेली.
तिला उठवायला पुण्याहून माणूस आला.
उठवणावळ एक लाख ब्याऐंशी हजार.
ते मी वेगळं धरते. आत धरलं
तर सरासरीला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

माझी मोपेड लिटरला अठ्ठेचाळीस देते.
हे कुणी विचारलेलं नाही.

परवा नेमकी तीच सुरू होईना.
किक मारून मारून चपलेचा अंगठा तुटला.
धात्रकसाहेबांनी मागची काच खाली केली:
"बसा खैरनारबाई, जेलरोडच ना?"
अकरा किलोमीटर.
मी बसले, आणि चारशे एक्कावन्न रुपये
माझ्या मांडीवर येऊन बसले,
पर्सला खेटून.

आत आवाजच नाही.
पाथर्डी फाट्यावरचा भाजीवाला नुसतं तोंड उघडत होता,
मेथीचा भाव काही कळला नाही.

द्वारकेला अडकलो. बावीस मिनिटं.
सादिकने विचारलं, एसी कमी करू?
साहेब म्हणाले, राहू दे.
उभ्या गाडीत पाऊण लिटर, मी मनात मांडत होते,
तोच ते म्हणाले,
"खरं सांगा. किलोमीटरला कितीला पडते ही?"

"एकेचाळीस. उंट सोडून."

उंट कुठला, ते त्यांनी विचारलं नाही.
शेजारच्या बसचा पत्रा बघत राहिले.
मग म्हणाले, इथूनच अण्णांचा टांगा जायचा.
स्टेशन ते पंचवटी, चार सवाऱ्या, पाचवी नको म्हणायचे.
घोडी पाखरी. हरभरा, गूळ, नाल,
पाय मुरगळला तेव्हा थेट देवळालीचा डॉक्टर.
आई रोज रात्री विचारायची,
हिला खायला लागतं तरी किती?
अण्णा म्हणायचे, खाते तेवढं.
रिक्षा आल्या. टांगा विकला. घोडी ठेवली.
दोन वर्षं, नुसती उभी.
आई भाकरी थापताना मोठ्याने हिशेब करायची,
म्हणजे बाहेर ऐकू जावा.

पुढचा ट्रक हलला.
ते पुन्हा फोनमध्ये गेले, कुणाच्या तरी थकलेल्या बिलावर ओरडले.

जेलरोडला उतरले. दार असं लागलं
जसा कुणी उशीवर हात ठेवावा.
आमच्या गल्लीत ती वळेना.
सादिकने तीनदा मागे-पुढे केलं,
सातपुतेबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या,
आणि मी तुटकी चप्पल हातात घेऊन
इंजिनाच्या त्या हलक्या, भरल्यापोटीच्या घुरघुरीकडे
जरा जास्तच वेळ बघत राहिले.

आता ही फेरी वहीत कुठे टाकू?
धंद्याची नाही. खासगी म्हणावी, तर कुणाची?
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: हरभरा.
मार्चमध्ये ऑडिटवाले विचारतील, तेव्हा बघू.

मोपेडचा प्लग बदलला. एकशे तीस.