दोन पेनड्राइव्ह

लाल पट्टीचा गावठाणासाठी, निळ्या पट्टीचा सेक्टरांसाठी.
दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून मुनाफनं
रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात, चुकायला नको.
आवाज दोन्हींत माझाच.
कोपरखैरण्याच्या एका गाळ्यात, भिंतींना गाद्या टांगून,
एकाच बैठकीत बोललो दोन्ही.
मध्ये फक्त एक कटिंग.

लाल म्हणतो,
गरजेपोटी बांधलेल्या एकाही घराची
वीट हलू देणार नाही, ताई माई आक्का.
निळा म्हणतो,
सुजाण नागरिकहो, बेकायदा मजले
शंभर दिवसांत जमीनदोस्त.
पाणथळीचं लाल नावही काढत नाही;
निळा रोहित पक्ष्यांवर अर्धा मिनिट हळवा होतो.
तिथं मला श्वास लांबवायला सांगितलं होतं.

साहेबांबद्दल तक्रार नाही. पैसे रोख,
आणि लिहून आलेल्या कागदावर
स्वल्पविराम जागच्या जागी.
मागच्या निवडणुकीला कागद उलटे होते,
एवढंच.

मंगळवारी मुनाफला ताप. रिक्षा त्याच्या भाच्याकडे.
उन्हानं डिंक सुटून पट्ट्या गळालेल्या.
घणसोली गावात, तळ्याच्या वळणावर,
कर्ण्यातून माझाच आवाज सांगू लागला
की ही घरं पाडणार.
मी मागं, पत्रकांच्या गठ्ठ्यावर.
वाटलं, उतरावं आणि पळत सुटावं.

पण कोणी मान वर केली नाही.
न्हाव्याचा वस्तरा गालावरून तसाच उतरत राहिला.
पोरांनी चेंडू गटारातून काढला, पुन्हा टाकला.
एकानं चार पत्रकं मागून घेतली,
भजी बांधायला.
फक्त चांगुणा म्हात्रे, ओट्यावर बोंबील उलटवता उलटवता,
म्हणाली,
"काल तं येगलाच बोलत व्हतास रं."

व्हतास.
साहेबांना नाही म्हणाली.

रात्री घरी आलो. चौथा मजला,
तोही गरजेपोटीचाच;
गरज मालकाची, भाडं माझं.
मुलगी मोठ्यानं पाठ करत होती,
नागरिकशास्त्राची एकच व्याख्या, पुन्हा पुन्हा,
दर वेळी तिसऱ्या शब्दाला अडखळून.
पाणी मागायला तोंड उघडलं
आणि कळेना,
कुठल्या पट्टीत बोलायचं.

शेवटी माठाकडे बोट दाखवलं.