निघण्यापूर्वीची स्थिती

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा,
गोदाम सत्तावीस. सकाळचे पावणेसहा.
शटर अर्धं वर. उजेड तिरपा आहे
तोवरच काम उरकायचं.
नंतर पत्रे तापतात, आणि चकाकीत ओरखडे
दडी मारून बसतात.

आज सात नग. मस्कतच्या प्रदर्शनाला जायचेत.
खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याची प्रतिकृती,
दोन व्हॉल्व्ह,
आतलं दिसावं म्हणून उभा कापलेला पंप,
ऑपरेशन अर्धं टाकून डॉक्टर जेवायला गेल्यासारखा,
दोन पाट्या,
आणि टाकी. स्टेनलेसची. आरसाच.
तिला उचलायच्या आधी गुल जमीन
हातमोजे चढवतो आणि बिस्मिल्ला म्हणतो.

प्रत्येक नगाचे सहा बाजूंनी फोटो.
मग कोपरे. मग सिरीयल नंबर.
शेजारी पोलादी पट्टी ठेवायची,
ओरखडा केवढा यावर पुढे तंटा नको.
मग लिहायचं:
डाव्या पायाला जुना पोचा, चार मिलिमीटर.
मागचा एक स्क्रू वेगळ्या जातीचा.
रंग उडालेला, करंगळीच्या नखाएवढा.
बायको फोनवर म्हणते,
मला बघायला आलास तेव्हा
पोह्यांच्या बशीपलीकडे मान वर केली नव्हतीस.

मला इकडे धाडण्यापूर्वी मुंबईत
माझाही असाच एक फोटो काढला होता, छातीचा.
श्वास रोखा, म्हणाला. रोखला.
सोडा म्हणायला विसरला बहुतेक,
पुढच्याला हाक मारली.
कागदावर शिक्का: फिट.
पट्टी कुणी ठेवली नव्हती शेजारी.

गेल्या ऑक्टोबरात अशीच एक टाकी गेली.
हत्ता चौकी ओलांडेपर्यंत ठीक होती म्हणे,
स्टॉलवर खोका उघडला तर पोटात पोचा,
बुक्की मारल्यासारखा.
खोक्यावरचा धक्क्याचा स्टिकर लाल झालेला,
पण विमावाल्यांचं पत्र आलं:
पोचा मुळातलाच असावा.
'असावा'. एवढ्या एका शब्दावर
अठ्ठावीस हजार दिरहम अडकले.

मी फाइल पाठवली. फोटो त्रेचाळीस
पाठवताना मात्र लाज वाटली.
चकाकणाऱ्या मालासमोर काळं कापड धरायचं,
नाहीतर फोटोत आपणच येतो,
हे मारिविकनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
त्या दिवशी कापड धुवायला गेलं होतं.
टाकीत मी सगळाच्या सगळा:
घामट शर्ट, गळ्यातलं ओळखपत्र,
पाठीमागे शटर, शटरखाली रस्त्याची एक फाक.

मस्कतहून सर्व्हेयरचा फोन आला. हिलाल अल रवाही.
मोडक्या हिंदीत विचारलं, फोटोतला माणूस कोण?
म्हटलं, माफ करा, मीच. चूक झाली.
तो म्हणाला, चूक राहू दे.
तू लांबट दिसतोस, पण कमरेत सरळ आहेस.
मी काल त्याच टाकीसमोर, तिथंच उभा राहिलो.
मला कंबर नाही. डोकी दोन आहेत.
मग थोडा हसला. टाकी निघाली तेव्हा धड होती,
असं लिहितो.

दावा मंजूर झाला. पैसे ज्याचे त्याला गेले.
मारिविकची ओळभर मेल आली: नोंद घेतली.
गुल जमीननं कडक चहा पाजला.
कुठल्याशा कपाटात, जोडपत्र चार म्हणून,
मी आता पुरावा आहे,
पत्रा सरळ असल्याचा.

तर आज. पाच बाजू कापड धरून, नियमानं.
सहाव्या बाजूला मी कापडाची घडी घालतो,
शर्टाचं वरचं बटण लावतो,
टाकीसमोर नीट उभा राहतो.
गुल जमीन टेपचं रीळ हातात घेऊन खिदळतो,
शादी का फोटो है क्या? हिलना मत, उस्ताद.

बाहेर ट्रक मागे येतोय, पीं पीं करत.
मी श्वास रोखतो.