चुना

कीड खरवडता खरवडता
एकदम लाल ठिपका.
टाचणीच्या टोकाएवढा, पण जिता.
खालच्या दाढेचं छत फुटलं
आणि आतला जीव
सुकेशनीच्या आयुष्यात पहिल्यांदा उजेड बघत होता.

"काढून टाका न मॅडम," कवडू रामटेके दारातूनच म्हणाला,
"दुसरी येतेच."
नाही येत. ही सहाव्या वर्षी आलेली,
हिच्यामागे कुणी नाही.

औषधाचा कापूस दाबून धरला.
गडचांदुरात लाईट गेली होती, इन्व्हर्टर कण्हत होता.
रक्त थांबलं नाही तर मुळापर्यंत जाणं आलं.
दोन मिनिटं. तिसरं.
थांबलं.

कपाटात दोन गोष्टी.
चुना: जुना, स्वस्त, कॉलेजात शिकवलेला.
जिवाला आधी थोडा पोळतो,
मग जीव भिऊन भिंत बांधायला घेतो.
भिंतीत भोकं राहतात,
आणि वर्षा-दोन वर्षांत चुना
कधी विरघळून गेला कळतही नाही.

दुसरं, सिमेंट.
हो, सिमेंटच. शुद्ध केलेलं, ग्रॅमवर विकलेलं.
ओलाव्यातच धरतं, गळू देत नाही.
चार तास लागतात, दात काळपटतो कधी,
पण दाढेत कोण डोकावतंय?
किंमत: कवडूच्या तीन हजेऱ्या.

सांगितलं तर हसला.
"सिमेंट? रातभर तेच त भरतो मी पॅकिंगमंदी.
पायजे त मूठभर आनून देतो."
पापण्यांवर अजून रात्रपाळीची भुकटी,
खिशात खर्ऱ्याची पन्नी, पन्नीत चुना.
याला मी काय समजावणार होते?

"टिकते कोनतं?"
"सिमेंट."
तो गप्प झाला. बोटांवर काहीतरी मोजलं.
"मंग चुनाच टाका."

मागच्या आठवड्यात फोडलेली एक पुडी होती,
झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत.
हलवून पाहिली. गुठळी धरली नव्हती.
काचेवर कालवलं, ठिपक्यावर ठेवलं,
वर ओला कापूस, वर तात्पुरतं बुजवण.
सुकेशनीनं एका डोळ्यानं पंख्याकडं पाहिलं,
दुसरा मिटलेलाच.

बिलात चुना लिहिला.
कुणाला लावला, ते मीही विचारलं नाही.

पैसे देताना कवडूची नजर
न धुतलेल्या काचेवर गेली.
बोट टेकवलं, अंगठ्याशी चोळलं,
राखाडी.
त्याला तो रंग मी शिकवायचा नव्हता.

माझ्याकडं पाहिलं नाही त्यानं.
बोट सदऱ्याला पुसलं,
आणि पोरीला म्हणाला,
"चाल. त्या बाजूनं चावू नको,
ओलं हाय अजून."