पाऊण आटा

सोमवारी पहाटे शेवंड्यांचा हंगाम उघडतो
आणि आज शनिवारी संध्याकाळी
'मारी-ब्लांश'च्या पोटात कुणीतरी टिकटिकतंय.
थंड असताना टिकटिक. तापल्यावरही टिकटिक.
ऑइल बदललं, फिल्टर बदलला,
एक लिफ्टर काही आपला हेका सोडत नाही.

पबनिकोच्या धक्क्यावर ओहोटी लागलीय.
बोट खाली जातेय, शिडी लांबतेय,
आणि माझा बाप आन्सेल्म, वय एकोणऐंशी,
पायरी चाचपत उतरतोय,
खिशात पाना, ओठात न पेटवलेली सिगारेट.
खरं तर हे काम माझ्या भावाचं.
तो आल्बर्टात, तेलाच्या कंपनीत. नाताळला फोन करतो.

पूर्वी बाप हे चालू इंजिनावर करायचा.
एका जुन्या झाकणाचा माथा करवतीने कापून
उडत्या ऑइलला त्याने कुंपण घातलं होतं;
तरी मनगटं भाजायची ती भाजायचीच.
नट सैल करत जायचा, रॉकर खडखडेपर्यंत,
मग आवळत यायचा, खडखड विझेपर्यंत.
विझली त्या क्षणी म्हणायचा, "इथे शून्य."
मग पाव आटा. मग दहा आकडे.
इंजिन अडखळायचं, आवंढा गिळायचं, सावरायचं.
परत पाव आटा. परत दहा आकडे.
असे तीन पाव, केसभरही पुढे नाही.
शेजारच्या बोटीवर म्हणायचे,
आन्सेल्मला माशाचा ढेकरसुद्धा ऐकू येतो.

ते कान इंजिनानेच खाल्ले.
चाळीस हंगाम, छपरातून सरळ वर गेलेला उघडा पाइप.
आता मी ओरडले की तो माझ्या तोंडाकडे बघतो,
आणि ही टिकटिक, जिने माझ्या तीन रात्री नासवल्या,
त्याच्या लेखी झालेलीच नाही.

"कुठला?" मी विचारते. सोळा आहेत.
तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर टेकवतो
आणि मूठ दातांत धरतो.
डोळे मिटतो. थोडा सरकतो. पुन्हा चावतो.
सातव्यापाशी जबडा थबकतो.
"हा. पण करायचे ते सगळेच करू."

आणि इंजिन बंद करायला लावतो.
"चालू इंजिनाची रीत कानाची," म्हणतो. "ही बोटांची."
मी पुली फिरवते, खूण खुणेला भिडेपर्यंत;
पहिलं सिलिंडर माथ्यावर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले.
"हातमोजा काढ."
नोव्हेंबर आहे. लोखंड चावतं.
"पुशरॉड चिमटीत धर. फिरव,
सुईत घालायच्या दोऱ्याला पीळ देतेस तसा.
दुसऱ्या हाताने नट आवळत ये."
फिरतोय. फिरतोय. मोकळा फिरतोय.
मग एका जागी किंचित जड.
"अडला तर तू पुढे गेलीस.
अडायला नको, नुसता नाखूश व्हायला हवा.
तिथे शून्य. मग पाऊण आटा."

शून्यावरच का नाही सोडायचं,
मी तोंड त्याच्याकडे करून विचारते.
तो तेलकट अंगठा नखाच्या मुळाशी दाबून दाखवतो:
"आत एवढंसं ऑइल असतं.
लोखंड तापतं, वाढतं, झिजतं;
ते वर-खाली होऊन रोज भरून काढतं.
त्याला दोन्हीकडे जागा लागते गं.
तू फक्त मधोमध बसवायचंस."

आठ झाले. मग पुलीची एक पुरी फेरी, उरलेले आठ.
सातव्याचा नट दोन आटे सैल निघाला.
बाप त्या नटाकडे बघून फ्रेंचमध्ये काही बोलला
जे मी इथे लिहिणार नाही.

चावी फिरवली. इंजिन एकदा शिंकलं, मग गोल आवाजात लागलं.
"टिकटिक?" त्याने भुवया उंचावून विचारलं.
मी मान हलवली: नाही.
त्याने माझ्यावर विश्वास न ठेवता
तळहात झाकणावर ठेवला, बराच वेळ,
मग सिगारेट पेटवली आणि शिडीला लागला.
पाणी आणखी उतरलं होतं, अकरा पायऱ्यांच्या सतरा झाल्या होत्या.

बाराव्यापाशी अगदी बारीक काहीतरी वाजतंय.
उद्या प्रार्थनेनंतर एकटी येईन,
उघड्या हाताने.