पंदर नंबर

तिच्या फ्रॉकच्या आत, मानेपाशी,
लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं: १४.
टॉवेलवर १४,
चपलेच्या टाचेवर मार्करनं, थोडं पुसलेलं, १४.
"बाकी काही सामान नाही," संस्थेतल्या बेन म्हणाल्या,
आणि सहीसाठी रजिस्टर पुढं केलं.

त्याआधी साडेचार वर्षं आम्ही एका फाइलीत राहत होतो.
पगाराच्या स्लिपा, हेरंबच्या तब्येतीचा दाखला,
घरी येऊन कपाटं उघडून पाहणाऱ्या मॅडम,
आणि "वय थोडं मोठं चालेल का?" या प्रश्नापुढं
दोघांनी वेगवेगळ्या पेनांनी केलेली बरोबरची खूण.
मोठं म्हणजे किती, हे तेव्हा कळलं नव्हतं.
मोठं म्हणजे सहा वर्षं.
मोठं म्हणजे जेवल्यावर स्वतःची ताटली घासून, पालथी घालून,
पुढच्या हुकमाची वाट बघत मोरीपाशी उभं राहणं.

दाहोद ते बडोदा, सबंध वाटेत ती एकदाच बोलली:
"त्यां केटली छोकरीओ छे?"
एकच, मी म्हटलं. तू.
तिनं खिडकीची काच वर केली.

दांडिया बाजारातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
पहिल्या रात्री तिनं गाद्या मोजल्या.
मला बेन म्हणाली, जशी तिकडे सगळ्यांनाच म्हणायची.
हेरंबला म्हणाली साहेब,
जो जन्मात कुणाचा साहेब झाला नाही.

थोरल्या वन्सं पुण्याहून नाव घेऊन आल्या: ऋजुता.
चांदीच्या वाटीवर कोरूनसुद्धा आणलं.
रमीलानं वाटी फिरवून पाहिली. "ए कोण?"
वाटी अजून आहे. आम्ही तीत मेथ्या भिजवतो.

दवाखान्याच्या फॉर्मवर होतं: घरात कुणाला मधुमेह?
सवयीनं मी माझ्या आजीचं लिहून बसले.
मग खोडलं.
मग खोडलेलं तसंच दिसत राहिलं.

सगळे दिवस सांगण्यासारखे नव्हते.
तिसऱ्या महिन्यात तिनं माझी पैठणी कात्रीनं कापली,
काठ सोडून, नीट, पट्ट्यापट्ट्या.
मी न्हाणीघरात नळ सोडून बसले.
बाहेर आल्यावर मॅडमचा नंबर काढला, फोन कानाला लावण्याआधी
बंद केला, आणि दूधवाल्याला लावला.
उद्यापासून अर्धा लिटर जास्त, म्हणाले.
हे मी हेरंबला अजून सांगितलेलं नाही.

विश्वामित्रीच्या पुलावरून तो तिला मगरी दाखवतो.
आजवर तिच्या हिशेबानं अकरा झाल्या.
एक बहुधा टायर होता.

एका रविवारी मी सुई घेऊन तो लाल आकडा उसवायला बसले.
मला वाटलं, प्रेमच करतेय.
तिनं फ्रॉक ओढून घेतला.
"माझा आहे."
मग बराच वेळ माझ्याकडे बघून,
"तुझा नंबर?"
मला नाही गं नंबर.
"नाही? मग हरवशील की!"

संध्याकाळी दारातल्या माझ्या चपलांवर
खडूनं लिहिलेलं होतं १५.
हेरंबच्या बुटांवर १६, सहा उलटा.
खडू रोज पुसला जायचा, रोज परत निघायचा.
दिवाळीत वन्सं आल्या, चार दिवस राहिल्या.
त्यांच्या सँडल कोऱ्याच गेल्या.

परवा शाळेत पालकसभा.
वर्ग बायकांनी भरलेला, पंखा बंद,
बाईंनी यादीवरून बोट न उचलता विचारलं,
रमीलाची मम्मी कोण?
सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.
तिनं आमच्या कुणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही,
खाली वाकून बाकांखालून पाय शोधत आली,
आणि माझ्यापाशी थांबून म्हणाली,
"पंदर."

बाईंना काही कळलं नाही.
मी हात वर करणार होते.
पाय पुढं केला.