बॉनेटखाली

कास्टिंगच्या चलनबुकाची मागची बाजू कोरी असते.
तिथं मी तीन उभे रकाने आखले:
पांढरी, निळी, आणि ती तिसरी,
जिच्या रंगाला कंपनी 'मध्यरात्र' म्हणते.
आमच्याकडं त्याला मोल्डिंगची जळकी वाळू म्हणतात.

आडव्या ओळी पद्मजानं सांगितल्या, पुण्याहून, फोनवर:
एका चार्जला किती किलोमीटर,
छापलेले नकोत बाबा, खरे.
दहा टक्क्यांवरून ऐंशी, किती मिनिटांत.
बॅटरीची हमी आठ वर्षं, पण गाडी विकली तर
ती पुढच्याला लागू का.
एक ओळ मी माझी घातली:
पुराचं पाणी.

उचगावच्या शोरूममधला तेजपाल म्हणाला,
एक मीटर पाण्यात अर्धा तास, काही होत नाही.
शेजारचा तेच म्हणाला, जरा मोठ्यानं.
दोन्हीकडं लिहिलं. पण पंचगंगेला घड्याळ कोण दाखवणार?
शिरोलीजवळ हायवेवर येते तेव्हा
अर्ध्या तासात ती पायातलं पायताणसुद्धा काढत नाही.

निळी घेऊन गगनबावड्याला गेलो.
चढाला आवाज नाही, धक्का नाही,
पैलवानाच्या तेलकट पाठीवरून हात निसटावा तशी गेली.
उतरताना बॅटरीचा आकडा वाढला, एकोणसाठचे एकसष्ट.
घाट उतरताना काही परत मिळतं
हे मला साठीत कळलं.

सुलोचनाला पांढरी उंच पडते.
निळीत मागं बसलं की गुडघे छातीशी,
खाली बॅटरी आहे म्हणे.
तिसरीला दाराची कडीच सापडेना.
ती म्हणाली, लपवायची होती तर दार कशाला केलं?
हे कुठल्या ओळीत लिहायचं ते कळेना, समासात लिहिलं.

दस्तगीर मिस्त्रीला मुद्दाम बरोबर नेलं होतं.
चौतीस वर्षं माझ्याकडं ओततोय.
तो म्हणाला, बॉनेट उघड.
तेजपालनं उघडलं. आत प्लॅस्टिकचं झाकण,
झाकणाखाली एक टब, काळा, रिकामा.
दोन पिशव्या आरामात मावतात काका, तेजपाल म्हणाला.

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
सवय आहे ती. आमच्या प्रत्येक सिलिंडर हेडवर
पाण्याच्या भोकाशेजारी एक गोल असतो, त्यात 'म'.
परक्यांच्या बॉनेटमध्ये वाकून आम्ही तो शोधलाय,
पंपावर, गॅरेजात, लग्नाच्या मांडवाबाहेर.
एकदा विशाळगडाच्या रस्त्यावर
बंद पडलेल्या टेम्पोत सापडला होता.
टेम्पोवाला शिव्या देत होता
आणि आम्ही त्याला चहा पाजला.

टबात दस्तगीरनं आपला डबा ठेवून बघितला.
मावतो, म्हणाला.

पुण्याच्या गिऱ्हाइकाचं पत्र याच बुकात दुमडून ठेवलंय:
पुढच्या वर्षी हेड चाळीस टक्के कमी लागतील.
ते कुणाला दाखवलेलं नाही.
मिस्त्रीनं विचारलेलं नाही, म्हणजे त्याला माहीत आहे.

निघताना तो खाली बसला, पुढच्या चाकापाशी.
आऱ्यांमधून दोन बोटं घातली, नखानं टिचकी मारली,
कान लावला.
डिस्क बिडाची आहे, मालक.
मग उठून निळीकडं गेला, मग तिसरीकडं.
तेजपाल बघत राहिला. शोरूमच्या फरशीवर
एक म्हातारा तीनदा गुडघे टेकतोय.
पळायला नाही लागत, दस्तगीर म्हणाला,
थांबायला लागतं अजून.

रात्री शेवटची ओळ लिहिली:
डिस्क: बीड, बीड, बीड.

पद्मजाचा फोन आला, ठरलं का?
म्हटलं, एका ओळीत तिघी सारख्या आल्या.
मग ती ओळ खोडा बाबा, ती म्हणाली,
सारखं असेल ते तुलनेत कामाचं नसतं.

बरोबरच आहे तिचं.
पेन उघडून बसलोय.
बाहेर दस्तगीर उद्याच्या ओतीसाठी
लॅडल तापवत ठेवतोय.