वर्तनाचा रकाना

कोन्याच्या पठारावर बीटाची शेतं.
माझ्या लॅपटॉपवर तेच पठार, चौकोनाचौकोनांचं:
पाऊस एका रकान्यात, मका दुसऱ्यात,
शेवटी ‘शेतकऱ्याचे वर्तन’, शून्य ते एक.

शेव्कियेबाईंनी चहा ओतला.
यात माझा पंप कुठाय?
दाखवला. एक निळा ठिपका.
आणि रात्री दोनचा?

वीज स्वस्त असते तेव्हाचा, बिनपरवान्याचा.
दुरसून ओढतो म्हणून मी ओढते.
मी थांबले तर माझ्या वाट्याचंही तोच पिईल.
तोही हेच म्हणतो, माझ्याबद्दल.

हे समीकरण माझ्याकडे नव्हतं.

मग बाईंनी बांधापाशी नेलं.
परवा रात्री जमीन खचली तिथं,
अख्ख्या खळ्याएवढा गोल खड्डा,
आणि तळाशी
बीटाची एक ओळ, अजून हिरवी, अजून सरळ.

आवाज झाला असेल ना?
नाही. कुत्रा तेवढा
संध्याकाळपासून तिकडं बघत बसला होता.

रात्री खोलीवर रकाना उघडला.
शून्य पूर्णांक सहा लिहिलं. खोडलं.
कुत्र्याला कुठं बसवायचं, कळेना.

दोनला लांब कुठंतरी पंप सुरू झाला.
लगेच दुसरा,
जसा काही पहिल्याचीच वाट बघत होता.